आठ महिन्यांची बीगल आणि ऑक्टोबरची फील्ड ट्रायल: चिंगीला कसं तयार करायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा की चिंगी आता आठ महिन्यांची झाली, मे महिन्यापासून तू तिला ओहायोतल्या तुझ्या क्लबच्या स्टार्टिंग पेनमध्ये (पिल्लांना शिकवण्यासाठी ससे ठेवलेलं छोटं कुंपण) सोडतोयस, ससा डोळ्यांना दिसतोय तोवर ती जीव तोडून पळते, भुंकते, पण ससा झुडपात घुसून दिसेनासा झाला की तशीच पंधरा-वीस फूट पुढे निघून जाते आणि मग तिथल्या तिथे गोल गोल पळत भुंकत राहते. क्लबातला कोणी म्हणतोय तिला चार मोठ्या कुत्र्यांच्या पॅकमध्ये टाक, बघून बघून शिकेल. आणि तुला ऑक्टोबरमध्ये फील्ड ट्रायलला, म्हणजे सशाचा माग काढायच्या स्पर्धेला, तिची एन्ट्री भरायचीय.

पॅकमध्ये टाकू नकोस. हे आधी सांगतो, बाकीचं सगळं नंतर.

अमेरिकेत बीगलच्या ट्रायल १८९० पासून चालू आहेत, पहिली नॅशनल बीगल क्लबने मॅसॅच्युसेट्समध्ये हायॅनिसला घेतली होती, आणि तेव्हापासून मूळ गोष्ट तीच आहे: ससा मारायचा नसतो, त्याचा माग किती बिनचूक काढला ते बघायचं असतं. बरेच नवे लोक समजतात की जे कुत्रं सगळ्यात पुढे आणि सगळ्यात जोरात ते जिंकतं. तसं नाहीये. अमेरिकन केनल क्लबच्या नियमात जजला काय बघायला सांगितलंय ते एकदा नीट वाच, शोधण्याची ताकद, माग काढण्यातली अचूकता, आवाजाचा योग्य वापर, दम, चिकाटी, धीर, स्वतंत्र बुद्धी आणि तरीही बरोबरच्या कुत्र्याशी सहकार्य, स्पर्धेची ईर्षा पण ताब्यातली. वेग हा असा वेगळा गुण म्हणून तिथे नाहीच, उलट मागाची पर्वा न करता नुसतं दुसऱ्याच्या पुढे पळणं याला 'रेसिंग' म्हणून दोष धरलाय. म्हणजे तुझा क्लबातला माणूस जे शिकवायला सांगतोय तो थेट दोषाच्या यादीतला माल आहे. आठ महिन्यांचं पिल्लू पॅकमध्ये गेलं की ते नाक वर करून मोठ्यांच्या शेपट्यांमागे धावतं, ते भुंकले की हे भुंकतं, त्याला माग लागलेलाच नसतो. दोन महिन्यांत मालकाला वाटतं काय मस्त पळतंय, आणि एकटं सोडलं की त्याला ससा दहा यार्डसुद्धा नेता येत नाही.

ट्रायल जिंकली किंवा हरली जाते ती चेकवर. माग चालू असताना जिथे वास तुटतो ती जागा म्हणजे चेक. सरळ रेषेत गरम माग तर कुठलंही बरं कुत्रं काढतं. कॉटनटेल ससा मात्र सरळ पळतच नाही फार वेळ, त्याचा सगळा संसार दोन-चार एकरांत असतो त्यामुळे तो गोल फिरून परत आपल्या जागेकडे येतो, आणि मधे मधे त्याची कारस्थानं चालू असतात, एकदम काटकोनात उडी, आपल्याच पावलावरून काही फूट उलटं येऊन मग बाजूला झेप, कधी रस्त्याच्या कोरड्या खडीवरून जाणं, कधी नुसतं दबून बसणं.

चांगल्या कुत्र्याचा चेक कसा दिसतो ते सांगतो, पुढच्या वेळी क्लबात एखादा फील्ड चॅम्पियन, म्हणजे ट्रायल जिंकून ती पदवी मिळवलेलं कुत्रं, पळत असेल तर फक्त हेच बघत उभा राहा. कुत्रं आवाज देत येतंय, ससा डावीकडे वळलाय हे त्याला माहीत नाही, वेगामुळे ते फूट-दोन फूट पुढे जातं आणि त्याच क्षणी त्याचा आवाज बंद होतो. हा आवाज बंद होणं फार महत्त्वाचं. मग ते थांबतं, मान खाली, शेपटी मात्र जोरात हलतेय, आणि जिथे शेवटचा वास होता त्या जागेच्या आसपास छोट्या छोट्या घेऱ्यात गवताचं पातं न् पातं हुंगतं, तिथे नाही मिळालं तर घेरा थोडा मोठा, अजून नाही तर अजून थोडा. मिळालं की एकच आवाज, थोडा अविश्वासाने दिल्यासारखा, मग दुसरा, मग सुसाट. हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं पण जजच्या वहीत त्या अर्ध्या मिनिटाचे जे मार्क पडतात ते दहा मिनिटं पळण्याला पडत नाहीत.

आता चिंगी काय करतेय बघ. वास तुटल्यावर पंधरा-वीस फूट पुढे जाते, याला ओव्हररनिंग म्हणतात आणि या वयात ते अगदी नॉर्मल आहे, काळजी करू नको. पण तिथे गेल्यावर भुंकत राहते हे मात्र आत्ताच थांबवायला हवं कारण ती बॅबलिंगची सुरुवात आहे, विनाकारण आवाज. त्याची पुढची पायरी घोस्ट ट्रेलिंग, म्हणजे माग नसताना मागावर असल्यासारखं भुंकत पुढे पुढे जाणं, आणि तिथे पोचलेलं कुत्रं परत आणणं फार अवघड. ब्रेसमध्ये, म्हणजे दोन कुत्र्यांच्या जोडीत, असं कुत्रं बरोबरच्या प्रामाणिक कुत्र्यालाही बिघडवतं.

माझ्या मते कारण पेन आहे. स्टार्टिंग पेन चांगली गोष्ट आहे, पिल्लाला ससा म्हणजे काय हे कळायला, पहिला आवाज फुटायला त्यासारखं काही नाही. पण छोट्या कुंपणात बरेच ससे असले की जमिनीवर सगळीकडे वासच वास असतो, कुठेही नाक लावलं तरी ससा, मग ते आवाज का बंद करेल? शिवाय ससा सारखा डोळ्यांना दिसतो, त्यामुळे डोळ्याने पाठलाग करायची सवय लागते. मे ते ऑगस्ट म्हणजे आता पुरे झालं. जे पिल्लू नजरेआड झालेला ससा नाकावर चार-पाच मिनिटं नेऊ शकतं ते पेनमधून बाहेर काढायच्या लायकीचं झालं, चिंगी तिथे पोचली नसली तरी मी तिला आत्ताच बाहेर काढेन, क्लबच्या मोठ्या रनिंग ग्राउंडवर, जिथे ससे कमी आणि झाडी जास्त. बाहेर नेण्याआधी स्टेटचे नियम बघ, बऱ्याच राज्यांत ससे-पक्ष्यांच्या विणीच्या काळात मोकळ्या रानात कुत्री पळवायला बंदी असते, क्लबच्या ग्राउंडला वेगळे नियम असू शकतात.

मोठ्या ग्राउंडवर एकटीच सोड. सोलो, सोलो, सोलो. पहाटे दव असताना जा. पहिले काही दिवस तिला ससा सापडायचा नाही, सापडला तरी शंभर यार्डात हरवेल, आणि तुझे हात शिवशिवतील की आपण दाखवावा. दाखवू नको. अगदीच निराश होऊन ती तुझ्या पायात घोटाळायला लागली तर तू स्वतः काठीने ब्लॅकबेरीची जाळी, तोडलेल्या फांद्यांचे ढीग हलव, ससा उठला की तो कुठून गेला ती जागा नीट लक्षात ठेव, 'टॅली-हो' ओरड आणि तिला ससा ज्या दिशेला गेला त्याच दिशेला तोंड करून मागावर ठेव. दिशा चुकवू नकोस, उलट्या दिशेला माग काढणं म्हणजे बॅकट्रॅकिंग, तोही दोषच, आणि तो मालकाच्या घाईनेच लागतो बहुतेक वेळा. हेही रोज केलंस तर ती शोधणंच सोडून देईल आणि तुझ्या तोंडाकडे बघत चालेल. ट्रायलमध्ये झाडीत स्वतःहून घुसून ससा उठवणाऱ्या कुत्र्याला मान असतो.

चेकवर ती भुंकत गोल फिरायला लागली की तू काय करायचं? काहीच नाही, निदान पहिली एक-दोन मिनिटं. बोलायचं नाही, शाबास म्हणायचं नाही, तिच्याकडे चालत जायचं नाही, कारण तू हललास की तुझ्या बुटांनी मागही तुडवला जातो आणि तिचं लक्षही उडतं. गप्प बसून नाक खाली घातलं तर तिला तिचा वेळ घेऊ दे, मग दहा मिनिटं लागोत. पण भुंकणं थांबतच नसेल आणि माग इंचभर पुढे सरकत नसेल तर शांतपणे जाऊन लीश लाव, पाणी पाज, पंधरा मिनिटं बसव, मग दुसरीकडे सोड. मारायचं नाही, ओरडायचं नाही. तिला एवढंच समजायला हवं की खोट्या आवाजाने खेळ संपतो. ज्या कुत्र्यांच्या रक्तातच बॅबलिंग आहे ती यानेही सुधारत नाहीत, म्हणून तिच्या आईबापांना एकदा प्रत्यक्ष पळताना बघून ये, पेपरवरच्या पदव्या बघून काही कळत नाही.

वासाबद्दल थोडं. नवीन लोक फक्त छान हवेत कुत्रं काढतात आणि ट्रायलच्या दिवशी कोरडा वारा सुटला की रडतात. ओलसर जमीन, थंड शांत सकाळ, रात्री हलका पाऊस झालेला, अशा दिवशी माग छान धरतो. कडक ऊन, कोरडी धूळ, जोरात वारा, नांगरलेली उघडी जमीन, तिथे वास उडून जातो किंवा बसतच नाही. चिंगीला आत्ता चांगल्या दिवशीच ने कारण तिला यश हवंय, पण सप्टेंबरच्या शेवटापासून मुद्दाम वाईट दिवशीही ने, दुपारी चारला, वाऱ्यात, वाळलेल्या पानांवर. वाईट वासात कुत्र्याचा वेग आपोआप कमी होतो आणि पुढे धावून जायची खोड तुमच्या शिकवण्यापेक्षा याने लवकर सुटते. हे मी खूप कुत्र्यांमध्ये पाहिलंय.

जोडीदार कधी द्यायचा? ती एकटी ससा पूर्ण एक गोल फिरवून आणायला लागली, मधले दोन-तीन चेक स्वतः सोडवले, की. आणि जोडीदार कसा तर वयस्कर, तिच्यापेक्षा किंचित हळू, मागावरून एक फूट इकडेतिकडे न होणारा आणि खोटं न बोलणारा. एकच. तिच्याहून वेगवान कुत्र्याबरोबर घातलीस तर ती पुढे राहण्यासाठी शॉर्टकट मारायला शिकेल, म्हणजे स्कर्टिंग, किंवा चेक आला की दुसऱ्याच्या आधी माग मिळावा म्हणून लांब लांब फेऱ्या मारेल, म्हणजे स्विंगिंग. जोडीने एकदा पळवलीस तर पुढच्या दोन-तीन वेळा परत सोलो. जोडीत असताना एक गोष्ट बघ, जोडीदाराने आवाज दिला की ती लगेच धावत त्याच्याकडे जाते का? ते हवंच, त्याला हार्किंग म्हणतात. पण तिकडे पोचल्यावर ती स्वतः नाक लावून खात्री करते की नुसतीच भुंकायला लागते? नुसती भुंकत असेल तर जोडी बंद, अजून महिनाभर सोलो.

फॉरमॅटही आत्ताच ठरवून ठेव. ब्रेसमध्ये दोन-दोन कुत्री, वेग संथ, अचूकता टोकाची. स्मॉल पॅक ऑप्शनमध्ये छोटा पॅक असतो, वेग जास्त, आणि बंदुकीच्या आवाजाला कुत्रं घाबरत नाही ना हे पळताना तपासतात. लार्ज पॅक ट्रायल उत्तरेकडे स्नोशू हेअर या तिकडच्या मोठ्या सशावर होतात, तिथे मोठा कळप आणि तासन् तास पळायचा दम लागतो, तो तुमचा विषय नाही. तू सांगतोयस त्यावरून चिंगी मध्यम वेगाची, जरा गरम डोक्याची दिसतेय, मला ती स्मॉल पॅकची वाटते. पण तुझ्या भागातल्या क्लबमध्ये काय होतं तेही बघायला हवं, तीन तास गाडी चालवून जाण्यापेक्षा जवळची ट्रायल बरी.

स्मॉल पॅक म्हणजे बंदूक आली. इथे आपल्या लोकांना एक खास सूचना. फोर्थ ऑफ जुलैला किंवा दिवाळीत मंदिराच्या पार्किंगमध्ये फटाके वाजतात तिथे पिल्लू 'सवय होईल' म्हणून नेऊ नका. बांधलेल्या कुत्र्याच्या कानाशी धडाधड आवाज झाले की ते आयुष्यभरासाठी गनशाय, म्हणजे बंदुकीच्या आवाजाला घाबरणारं, होऊ शकतं. सवय लावायची ती चिंगी गरम मागावर असताना, तोंडातून आवाज चालू असताना. दुसऱ्या कुणालातरी शंभर यार्डांवर पॉइंट टू टू चं ब्लँक पिस्तूल घेऊन उभं कर, एकच बार. तिने मागावरून डोकं वर केलं नाही तर पुढच्या आठवड्यात थोडं जवळून. डोकं वर करून तुझ्याकडे पळत आली तर ताबडतोब बंद, परत दुप्पट लांबून.

हरणाचं वेगळंच दुखणं. व्हाइटटेल हरणाचा वास एवढा दाट असतो की तरुण बीगल त्यामागे दोन काउंट्या ओलांडेल, म्हणून जीपीएस कॉलरशिवाय उघड्या रानात सोडायची नाही. करंटवाली कॉलर वापरणार असशील तर आधी घरी, अंगणात, हाक मारल्यावर येण्यासाठी अगदी हलक्या लेव्हलवर तिचा अर्थ शिकव, मगच रानात. आणि रानात बटण तेव्हाच दाबायचं जेव्हा तू स्वतःच्या डोळ्यांनी हरीण आणि त्यामागे चिंगी असं दोन्ही पाहिलंय. नुसता अंदाजाने दाबलास आणि पुढे ससा होता, तर तिच्या लेखी सशाने चावलं, मग ती ससा धरायलाच घाबरेल. त्यापेक्षा न दाबलेलं बरं.

शरीर. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना ठळक दिसू नयेत. ऑगस्टच्या उकाड्यात सूर्य वर आला की घरी, बीगल थांबत नाही, मागावर असताना हीटस्ट्रोक झाला तरी पळत राहते, त्यामुळे थांबवायचं तुला. पळवायच्या आधी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नको. घरी आल्यावर कान उलटून, पायांची बोटं फाकवून, काखेत, सगळीकडे टिक्स बघ, ओहायो-पेनसिल्व्हेनियात लाइम डिसीज खूप आहे, व्हेटला लाइम आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) लसीबद्दल विचार. डोळ्यांत गवताचं बी, कानाच्या टोकाला काट्याने फाटलेलं, हे तर रोजचंच. मेलेला किंवा आजारी ससा दिसला तर तिला तोंड लावू देऊ नको आणि तूही उघड्या हाताने उचलू नको, सशापासून टुलरेमिया नावाचा रोग माणसाला होतो.

एक गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे हातात येणं. ट्रायलमध्ये जज 'पिक अप' म्हणाला की कुत्रं उचलून आणायचं असतं, आणि तुमची महाराणी झाडीत पळापळी खेळत बसली तर पुढची जोडी खोळंबते. म्हणून रनिंगच्या दिवशी दोन-तीनदा मधेच बोलवायचं, तुकडाभर चिकन द्यायचं, परत सोडायचं. पकडलं म्हणजे घरी, असं तिच्या डोक्यात बसता कामा नये.

ट्रायलला गेल्यावर आधी उंची मोजतात. खांद्यावर १३ इंचापर्यंत एक वर्ग, १३ च्या वर १५ इंचापर्यंत दुसरा, त्याहून उंच कुत्रं खेळूच शकत नाही, नर-माद्यांचे वर्गही वेगळे होऊ शकतात. चिंगी साडेबारा इंच म्हणतोयस आणि अजून थोडी वाढेल, तेव्हा मोजमापाच्या टेबलावर शांत उभं राहायची सवय लाव, घाबरून ताठ झालेलं पिल्लू उंच भरतं. आदल्या दिवशी पळवायचं नाही, फक्त लीशवर फिरवायचं. कुत्री मागावर असताना तू जजच्या मागे आणि गप्प. ससा दिसला तर टॅली-हो, बाकी शब्द नाही, हाताने खूण करून कुत्र्याला मदत तर अजिबातच नाही. जोडीला एखादं खोटारडं कुत्रं आलं तरी तोंड वाकडं करू नको, जजला दोन्ही दिसत असतात, आणि पुढच्या सिरीजमध्ये, म्हणजे पुढच्या फेरीत, तो तिला दुसऱ्याबरोबर घालून बघू शकतो.

फील्ड चॅम्पियन व्हायला किमान सहा कुत्री उतरलेल्या वर्गांत तीन पहिले नंबर आणि एकूण १२० पॉइंट लागतात, म्हणजे ते काही एका सीझनचं काम नाही. म्हणून ऑक्टोबरची घाई कशाला? माझं मत विचारशील तर ऑक्टोबरला तिला घरी ठेव आणि तू एकटा जा, दिवसभर प्रेक्षकांत उभा राहून चेक बघ, जुन्या लोकांशी बोल. हिवाळ्यात बर्फ नसेल त्या दिवशी सोलो चालू ठेव. वसंतात क्लबची फन ट्रायल किंवा कमी वयाच्या कुत्र्यांची डर्बी असेल तर तिथे पहिल्यांदा उतरव. खरी एन्ट्री पुढच्या सप्टेंबर-ऑक्टोबरला, तेव्हा ती पावणेदोन वर्षांची असेल.

आणि हे वाचून महाराष्ट्रातले कोणी बीगलवाले उत्साहाने शेतात ससा उठवायला जाणार असतील तर थांबा, भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातल्या सशामागे कुत्रं सोडणं गुन्हा आहे. तुमच्या बीगलचं नाक वापरायचं असेल तर चिकनच्या पाण्यात भिजवलेलं फडकं दोरीने ओढत अंगणात किंवा मोकळ्या प्लॉटवर माग तयार करा, त्यात एक-दोन काटकोन ठेवा, अर्धा तास जाऊ द्या आणि मग कुत्र्याला लांब लीशवर सोडा. चेकवर गप्प उभं राहायचा नियम तिथेही तोच.

चिंगीचा या रविवारचा सोलो झाला की मला एवढंच कळव: चेकवर आवाज किती वेळात बंद झाला आणि शेवटच्या वासापासून ती किती लांब गेली. त्यावरून पुढचं सांगतो.